अंगठा

ओसाकातल्या त्या सभागृहात बेघर चित्रकारांवरचा माहितीपट पाहायला रांग लागली होती. बूट काढायच्या पायरीपाशी रांगेतल्या प्रेक्षक साकुमाबाईंचा नंबर येणार, तेवढ्यात त्यांच्या पुढचे म्हातारेबुवा अडूनच बसले. सिनेमा करणारी मुलगी त्यांच्यापाशी धावत आली.

"बूट काढा ना काका, लोक खोळंबलेत."

"मी बाहेरूनच ऐकतो, मिहोको. तू जा."

"सात वर्षं पुलाखाली बसून तुमचं शूटिंग केलंय मी. तुम्ही आत आल्याशिवाय सिनेमा लागणार नाही."

"अगं, मोजे फाटलेत. अंगठा बाहेर आलाय."

"येऊ दे की!"

"चारचौघांत बरं दिसतं का? पुठ्ठ्यावर राहणारा माणूस मी."

"त्याच पुठ्ठ्यावर पहिल्या दिवशी मी बुटांसकट चढले, तर केवढ्यानं खेकसलात! 'घर आहे हे माझं, बूट काढ.' काढले, तर माझाही अंगठा बाहेर."

"हसलो नव्हतो हं मी."

"हसला नाहीत. मला बसवून घेतलंत आणि त्या अंगठ्याचं चित्र काढलंत."

"बरं जमलं होतं."

"सिनेमा त्याच चित्रानं सुरू होतो. पडदाभर माझा अंगठा."

"एवढ्या लोकांसमोर? लाज नाही वाटत तुला?"

"वाटते ना. म्हणून तर शेजारी तुम्ही हवेत."

"धर ही काठी. आज तरी धड मोजे घातलेस ना?"

"आधी तुम्ही बूट काढा, मग दाखवते."