पायपंप की पाठीवरचा पंप

मुरबाडच्या एका आंबराईत तुडतुड्यांवर औषध फवारताना मी दोन पंपांची चक्क झुंज लावली होती, ऐका. पाठीवरच्या पंपाचा फवारा मधल्या फांद्यांपर्यंतच पोचला. मी विकायला आणलेल्या माझ्या लाडक्या पायपंपाचा थेट शेंड्यावरच्या मोहोराला भिडला.

"आख्खा झाड भिजवून दाखवा, तर आमी घेऊ," बागवाले तात्या म्हणाले.

नेमकं तेव्हाच नोझल तुंबलं. तार शोधायला धीर कुणाला होता! मी नोझल काढून तोंडाला लावलं आणि जोरात फुंकलं.

पंप मारणाऱ्या कमळूने धावत येऊन माझ्या हातावर फटका हाणला. नोझल गवतात उडालं. जीभ चुरचुरत होती, तरी मी ओरडलो, "अरे, आधी नोझल शोध!"

त्याने मान धरून मला खाली वाकवलं.

"पंप कंचा चांगला ते मागनं ठरवा, साहेब. आधी थुका!"