अकरावं मिनिट

वहिनी : म्हणजे अपघाताच्या अहवालाचं चौदावं पान तुम्हीच काळं केलंत?

दीर : आमच्या सुरक्षा कार्यालयाकडून करण्यात आलं, वहिनी. 'व्यापारी गुपित' या सदराखाली...

वहिनी : भाऊजी, कार्यालयाला हात नसतात. काळी पट्टी कोणी मारली?

दीर : मी. बसा ना. चहा मागवू?

वहिनी : नको. दोन महिने झाले. कंपनीने रॉकेटच्या इंजिनाची चाचणी अर्धवट रद्द केली, तुमचे दादा झडप बंद करायला गेले, नळी फुटली, जागीच संपले. एवढं सगळ्यांना पाठ आहे. आणि तुम्ही त्या पानावर एकच ओळ उघडी ठेवलीत. 'चाचणी रद्द झाल्यावर अर्धा तास कोणी जवळ जाऊ नये असा नियम असताना तंत्रज्ञ अकराव्या मिनिटाला गेला.' पोरीला वर्गात विचारतात, तुझ्या बाबांना घड्याळ कळत नव्हतं का?

दीर : असं विचारतात?

वहिनी : मोठी माणसं मनात विचारतात, मुलं तोंडावर.

दीर : ओळ खोटी नाही, वहिनी.

वहिनी : खोटी आहे असं मी कुठे म्हटलं? मी बारा वर्षं लॅबमध्ये रक्त तपासतेय. एक आकडा ठेवून बाकीचे झाकले, तर धडधाकट माणूसही आजारी ठरवता येतो. घरातला गॅस बंद केल्यावर दोनदा मागे वळून बघणारा माणूस. तो नियम मोडून आत गेला?

दीर : नाही मोडला.

वहिनी : काय म्हणालात?

दीर : दादाने नियम मोडला नाही. कंपनीला सूट दिली होती. अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटं. दादा दहा मिनिटं थांबला, वर एक मिनिट जास्तच थांबला.

वहिनी : आणि ते पट्टीखाली आहे.

दीर : किती वेळ थांबायचं हे कळलं, तर इंजिनाची रचना कळते, असं कंपनीचं म्हणणं. ते मान्य करण्यात... मी मान्य केलं.

वहिनी : सूट कोणी दिली?

(दीर टेबलावरचे कागद सरळ करत राहतो. ते आधीच सरळ आहेत.)

वहिनी : भाऊजी.

दीर : मीच. सूट देण्याआधी तिथे जाऊन, समोर उभं राहून नळीतला दाब किती वेळात उतरतो ते मोजायचं असतं. कंपनीने आकडे पाठवले, मी इथे बसून सही केली. आकडे नीट दिसत होते. आणि त्याच आठवड्यात दादा म्हणाला होता, आठवतं? 'दिवसातून चारदा चाचणी रद्द होते, चारदा तुझा अर्धा तास. घरी पोचतो तर पोरगी झोपलेली, साहेब!'

वहिनी : आठवतं. मीच म्हटलं होतं, भाऊजी, तेवढं बघा की.

दीर : तुम्ही चेष्टेत म्हणालात.

वहिनी : सही तुम्ही चेष्टेत केली नाहीत.

दीर : नाही.

वहिनी : यांचा फोटो भिंतीवर लावला, खिळा तुम्ही ठोकलात. तेव्हा हे ठाऊक होतं?

दीर : होतं. ... वहिनी, माहिती अधिकारात अर्ज करा. इंजिनाचे कागद मागू नका, ते नाकारता येतात. सूट दिल्याचा आदेश मागा. आदेश सरकारचा असतो, तो कंपनीचं गुपित ठरत नाही. तारीख सांगतो, लिहून घ्या.

वहिनी : अर्ज कोणाच्या नावे?

दीर : माहिती अधिकारी. म्हणजे मीच. उद्याच देतो. त्यानंतर मी या खुर्चीत नसेन.

वहिनी : पेन द्या.

दीर : 'आदेशाची प्रत' असं लिहा. नुसतं 'माहिती' लिहिलंत की आम्ही चार ओळींचा सारांश पाठवतो.

वहिनी : लिहिलं. शिक्का मारा. पोच हवी मला.

दीर : हो. ही घ्या. आईला आज मी सांगतो. बाहेरून कळण्याआधी.

वहिनी : नको. आईंना मी सांगेन.

दीर : मला सांगू द्या, वहिनी. माझं आहे ते.

वहिनी : तुम्ही सांगितलंत तर त्या तुम्हाला जवळ घेतील, भाऊजी. ते मला इतक्यात बघवणार नाही.