उत्तर आधी सांगायचं नाही

मेट्रन : सही इथे कर. खाली, उजव्या कोपऱ्यात. बाकी सगळं मी भरलंय.

सिस्टर : काय भरलंय, मॅडम?

मेट्रन : रुजू होण्याचा अर्ज. सहा महिन्यांची बिनपगारी रजा आज संपते. पाचच्या आत कागद ऑफिसात गेला नाही, तर तो हेडक्लार्क एकोणीस वर्षांची नोकरी खंडित दाखवून मोकळा होईल. पेन देऊ?

सिस्टर : पेन आहे. मॅडम, मी राजीनामा द्यायला आलेय. फोनवर सांगितलं होतं तुम्हाला.

मेट्रन : सांगितलं होतंस. म्हणूनच हा भरून ठेवला. बस. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते.

सिस्टर : अजून?

मेट्रन : तीन अर्ज झाले तिच्यासाठी. पेशंट परवडला, तो निदान कण्हतो. बस ना. तू उभी का?

सिस्टर : तुम्ही उभ्या आहात म्हणून.

मेट्रन : तिकडे नव्या ऑफिसातही उभी राहतेस का?

सिस्टर : पहिले तीन दिवस राहिले. साहेब आत आला की मी ताडकन उभी. साहेब म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, पायात कॅनव्हासचे बूट. चौथ्या दिवशी म्हणाला, "ताई, काही हवंय का तुम्हाला? तुम्ही सारख्या उठता."

मेट्रन : आणि तू म्हणालीस, राउंडला आलात ना, म्हणून.

सिस्टर : अगदी हेच म्हणाले. त्याला कळलंच नाही. जेवणाचंही तेच. सात मिनिटांत माझा डबा रिकामा, आणि शेजारची मुलगी अजून झाकण उघडतेय.

मेट्रन : घरी काय म्हणतात?

सिस्टर : सासूबाई सगळ्यांना सांगतात, सून बँकेत लागली. आई सांगते, अजून हॉस्पिटलातच आहे. गेल्या महिन्यात एका लग्नात दोघी एकाच सोफ्यावर बसल्या. पुढचं विचारू नका.

मेट्रन : आणि आमचे जावईबापू?

सिस्टर : ते म्हणतात, हात धुऊन धुऊन सोलायचे थांबले, हे काय थोडं झालं.

मेट्रन : दाखव. हं. खरंच की. हे बघ, मी काही तुझी वैरीण नाही. पण तुला ही रजा मिळावी म्हणून अधीक्षकांच्या दारात मी दोन तास उभी होते. म्हटलं, पोरगी शिकायला जातेय, शिकून येईल. आणि तिकडे काय, तर फोनवरून पैसे पाठवायचं ॲप. बटण दाबलं की पैसे गेले. त्याला आयसीयूची नर्स कशाला लागते?

सिस्टर : बटण दाबलं की पैसे जातात, म्हणूनच लागते.

नवी सिस्टर : मॅडम, आत येऊ? चौदा नंबरचं इन्शुलिन आहे. बारा युनिट भरलंय, जरा बघून सही करता?

मेट्रन : गेलं.

नवी सिस्टर : काय गेलं, मॅडम?

मेट्रन : माझं बघणं गेलं. तू बारा म्हणालीस, आता मी सिरिंजकडे बघितलं तरी मला बाराच दिसणार. दुसरी नर्स कशासाठी असते? तुझ्या आकड्याला मान डोलवायला?

नवी सिस्टर : सॉरी, मॅडम. मग ह्या मॅडमना दाखवू?

मेट्रन : तिनेही ऐकलंय. शिवाय ती रजेवर आहे, तिची सही चालणार नाही. जा, हे टाकून दे, कागद बघून नवीन भर, आणि येताना तोंड मिटून ये. मी बघणार, मी सांगणार, मग तू तुझ्याशी ताडून बघायचं.

नवी सिस्टर : हो, मॅडम.

मेट्रन : नवीन आहे. तीन आठवडे झाले. हात चांगला आहे, जीभ फार पुढे धावते. हसतेस काय?

सिस्टर : माझी आठवण झाली. सात नंबर आणि आठ नंबर, दोघींचं आडनाव एक.

मेट्रन : तू सातच्या बाईंना विचारलंस, "तुम्हीच ना हो?" आणि त्या म्हणाल्या हो.

सिस्टर : त्या कशालाही हो म्हणायच्या. जेवलात का, हो. दुखतंय का, हो. मी आठ नंबरचं इंजेक्शन दिलं, आणि त्यांचं बीपी घसरत गेलं ते दुपारपर्यंत वर येईना.

मेट्रन : वाचल्या.

सिस्टर : वाचल्या. मला वाटलं, तुम्ही आता घरी पाठवणार. तुम्ही काय केलंत, महिनाभर मला प्रत्येक पेशंटला नाव विचारायला लावलंत. "तुम्ही अमुकच ना?" असं नाही. "तुमचं नाव सांगा." वीस-वीस दिवस ज्यांना आंघोळ घातली, त्यांनाही. एक काका वैतागून म्हणाले, "बाई, रोज विचारता, वहीत लिहून का ठेवत नाही?"

मेट्रन : आणि एक आजी रोज वेगळं नाव सांगायच्या.

सिस्टर : आणि मग तुम्ही म्हणालात, "बघ, हे तुला हो-ला-हो करून कधी कळलं असतं?"

मेट्रन : जुन्या गोष्टी काढून विषय बदलू नकोस. आणि ह्या ॲपांचं कौतुक तर मला सांगूच नकोस. परवा सुनेला पैसे पाठवत होते. तिने नवीन खातं उघडलंय. आधी कसं, नाव दिसायचं, "बरोबर आहे का?" म्हणायचं, आपण हो दाबायचं, झालं. परवा मेलं मलाच विचारतं, "ज्यांना पैसे पाठवताय त्यांचं नाव लिहा."

सिस्टर : मग?

मेट्रन : मग काय, मी लिहिलं सूनबाई. म्हणे जुळत नाही. घरातलं लाडाचं नाव लिहिलं, जुळत नाही. आमचं आडनाव लावून लिहिलं, तरी नाही. शेवटी मुलाला फोन केला. तो म्हणतो, आई, तिची सगळी कागदपत्रं अजून माहेरच्या नावाने आहेत. सहा वर्षं झाली घरात येऊन, आणि सुनेचं कागदावरचं नाव मला माहीत नाही! तो हसतोय, मागे ती हसतेय. दहा सेकंदांच्या कामाला दहा मिनिटं. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं असेल हे?

सिस्टर : तुमच्या.

मेट्रन : काय?

सिस्टर : तुमच्या डोक्यातून, मॅडम. मी फक्त तिकडे नेलं.

मेट्रन : तो प्रश्न तू घातलास?

सिस्टर : फक्त नव्या खात्याला पहिल्यांदा पाठवताना येतो. आधी लोक नाव न वाचता हो दाबायचे. कसे दाबतात ते मी आपल्याच कॉरिडॉरमध्ये बघितलं होतं. मुलाचं ऑपरेशन ठरलेला एक बाप डिपॉझिट भरत होता. घाई फार. एक आकडा चुकला, पैसे भलत्याच्याच खात्यात गेले. समोर स्पष्ट दुसऱ्याचं नाव होतं, आणि ह्याने हो म्हटलं. सात नंबरच्या बाईंसारखं.

मेट्रन : तो जिन्यात बसून राहिलेला? निळ्या स्वेटरचा?

सिस्टर : तोच. मी कंपनीला पत्र लिहिलं. मला तक्रार लिहिता येत नाही, म्हणून ड्यूटी सोपवताना सांगतो तसं लिहिलं. काय झालं, त्याआधी काय होतं, मला काय दिसतंय, काय करायला हवं. चार पानं. आठवड्याने त्या कॅनव्हासच्या बुटांच्या साहेबाचा फोन. म्हणाला, "हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हटलं, वॉर्डात. तर म्हणतो, "आमच्याकडे याल का?"

मेट्रन : हे तू मला सांगितलं नव्हतंस. तू म्हणालीस, कोर्स करायचाय.

सिस्टर : कोर्सही केला. पहिला महिनाभर त्यांची निम्मी भाषा कळायची नाही. वही केली. एक शब्द ऐकला की लिहायचा, घरी जाऊन मुलीला विचारायचा. ती कपाळाला हात लावायची. पण तुम्हाला सांगते, एवढी हुशार पोरं, आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटतात की चालू पडतात. कुणाची तक्रार कुठे अडकलीय, रात्रपाळीवाल्याला कोण सांगणार? मी त्यांना पाळी बदलताना उभं करून एकेक तक्रार तोंडी सोपवायला लावली. आधी हसले. आता मी पाच मिनिटं उशिरा पोचले तर बोंब मारतात.

मेट्रन : उभं करून?

सिस्टर : बसलं की गप्पा होतात. तुम्हीच म्हणायचात.

मेट्रन : हं. मग आता तुला कायम केलं असेल.

सिस्टर : नाही.

मेट्रन : नाही म्हणजे?

सिस्टर : तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. दर बारा माणसांतला एक तो प्रश्न बघून वैतागतो आणि पैसे पाठवणं सोडून देतो. विक्रीवाले म्हणतात, प्रश्न काढा, धंदा बुडतोय. मी दाखवलं की चुकीच्या खात्यात पैसे गेल्याच्या तक्रारी महिन्याला एक्केचाळीस होत्या, त्या सहावर आल्या. आज चारला बैठक आहे. प्रश्न राहिला तर मी राहीन. काढला तर आमचा गटच मोडणार, मग मलाही नमस्कार.

मेट्रन : चारला? आणि तू इथे बसलीस?

सिस्टर : कायम नसलेल्यांना बैठकीत बोलावत नाहीत. एक पान लिहून दिलंय. ड्यूटी सोपवल्यासारखं.

मेट्रन : साडेचार वाजून गेले. फोन लाव.

सिस्टर : संपली की तेच लावतील.

मेट्रन : मग थांब इथे. फोन येऊ दे, मग ठरव कुठल्या कागदावर सही करायची. पाचपर्यंत वेळ आहे. हेडक्लार्कला मी सव्वापाचपर्यंत धरून ठेवते, चहा पाजते. उगाच शौर्य दाखवू नकोस. एकोणीस वर्षं आहेत ही.

नवी सिस्टर : मॅडम.

मेट्रन : ये. बोलू नकोस. सिरिंज इकडे कर, उजेडात धर. कागद. हं. सिरिंजमध्ये दहा. कागदावर दहा. तुझं?

नवी सिस्टर : दहा. मॅडम, मघाशी... मघाशी कागदावरही दहाच होतं. मी शेजारच्या ओळीतला आकडा वाचला होता.

मेट्रन : माहीत आहे.

नवी सिस्टर : तुम्हाला माहीत होतं?

मेट्रन : नव्हतं. आत्ता तुझा चेहरा बघून कळलं. ही घे सही. त्यांना नाव विचारून दे. आणि मघाचं पहिलं सगळं रजिस्टरमध्ये लिही, लपवायचं नाही. दिलं नाहीस, धरलं गेलं, हेही लिही. जा.

सिस्टर : रडेल बाहेर जाऊन.

मेट्रन : रडू दे. तू पण रडली होतीस, लिननच्या कपाटामागे. मला ऐकू येत होतं. चादरी मोजायचं सोंग करत मी बाहेर उभी होते.

सिस्टर : मॅडम, एक बोलू? रागावणार नाही ना?

मेट्रन : हो-नाहीचा प्रश्न विचारलास. बोल.

सिस्टर : हा अर्ज. माझं नाव, पद, रुजू व्हायची तारीख, कारण, सगळं तुमच्या अक्षरात. मला फक्त सही करायचीय. मी आल्यापासून मला काय हवंय ते विचारलंच नाहीत, सही कर, पेन देऊ, एवढंच. आणि मला माहीत आहे, तुम्ही समोर बसून विचारलंत की मी हो म्हणते. एकोणीस वर्षं म्हणत आलेय.

मेट्रन : (चष्मा काढून पदराने पुसते.)

सिस्टर : रागावलात.

मेट्रन : नाही. ऐकतेय. तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतःच उत्तर भरून बसले. दे तो इकडे.

(मेट्रन भरलेल्या अर्जाची दोनदा घडी घालून तो खणात टाकते. राजीनाम्याचा कोरा छापील फॉर्म पुढे ओढते, पेनचं टोपण काढते.)

मेट्रन : हं. तुमचं नाव सांगा.

सिस्टर : मॅडम, काहीतरीच काय.

मेट्रन : बाई, मी रोज विचारते. सांगा.

सिस्टर : (नाव सांगते.) लिहिलंत ना? पूर्ण लिहिलंत.

मेट्रन : लिहिलं. तुम्ही काय काम करता?

सिस्टर : मी... पैसे पाठवणाऱ्या माणसाने हो म्हणायच्या आधी एकदा थांबावं, ते बघते.

मेट्रन : एवढं मोठं वाक्य ह्या रकान्यात मावणार नाही. मावेल. बारीक लिहिते. इथलं काम कधीपासून सोडताय?

सिस्टर : आजपासून.

मेट्रन : फोन आलेला नाही.

सिस्टर : नाही आला.

मेट्रन : प्रश्न काढून टाकला असेल तर?

सिस्टर : तर दुसरीकडे जाऊन विचारायला लावीन. पाठवणारी माणसं सगळीकडे तीच आहेत, मॅडम, आणि घाई पण तीच.

मेट्रन : हं. आजपासून. कर सही. वाचून कर, माझं आहे म्हणून करू नकोस.

सिस्टर : केली.

मेट्रन : आता माझी. हिच्याखाली "शिफारस" असा रकाना आहे, कुणी कधी भरत नाही. त्यात मी दोन ओळी लिहितेय. तू वाचायच्या नाहीत. हेडक्लार्क वाचेल आणि विचारेल, मॅडम, एवढी चांगली होती तर सोडली कशी.

सिस्टर : मग तुम्ही काय सांगणार?

मेट्रन : आधी त्याला काय वाटतं ते विचारीन. तुझा फोन थरथरतोय.

सिस्टर : वॉर्डात नाही घेत.

मेट्रन : आता तू स्टाफ नाहीस. घे.

सिस्टर : बाहेर जाऊन घेईन. येते, मॅडम.

मेट्रन : ये. जाताना नऊ नंबरला थांब. मागच्या वर्षी तुझ्याच देखरेखीखाली होते, परवा परत आलेत. सारखे विचारतात, ती नाव विचारणारी सिस्टर कुठे गेली म्हणून.

सिस्टर : कोण हो? नऊ नंबर म्हणजे ते—

मेट्रन : मी नाही सांगणार. त्यांनाच विचार.