बंडी उलाळ हून राह्यली

माझा जन्म उमरखेडजवळच्या तांड्यावरचा, आणि वजनाचा विषय मी कॉलेजात नव्हे, कापसाच्या बंडीवर शिकले. गाठोडी मागे जास्त झाली की जू वर उचललं जायचं, बैलांचे गळे आवळायचे, आणि याडी, म्हणजे माझी आई, ओरडायची, सरक वं पुढं, बंडी उलाळ हून राह्यली. मी धुरेकडे सरकायची. घरातलं माझं पहिलं काम तेच, वजन होणं.

पुढे यवतमाळला इंजिनिअरिंग करताना आम्ही रेसिंग कार बांधली, चालक मी, कॅप्टन रोहन. त्याने बॅटरी आणि टाकी पार मागे नेली, सुटताना झेप मिळते म्हणून, आणि झेप मिळते हे खरंच आहे. पण वळणावर वेग दिला की पुढची चाकं हलकी पडतात, दाब नाही म्हणजे पकड नाही, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मी म्हटलं, रोहन, ही उलाळ आहे. काय सांगू तुम्हाला, अख्खं वर्कशॉप हसलं. बंडीवाली आली रे, बैल कुठी बांधले वं?

स्पर्धेत भर वळणावर गाडी सरळ टायरांच्या भिंतीत गेली, माझं मनगट मोडलं, आणि प्लास्टर वाळायच्या आत रोहन सरांना सांगत होता, बंडीवालीच्या हाती स्टिअरिंग देल्लं सर, दुसरं काय होईन. सरांनी मला टीममधून काढलं. चूक कुठे होती हे त्याला माहीत होतं. माझा राग तेवढ्याचाच आहे.

आज पुण्यात रेसिंग कारच्या चाचण्या माझ्या हाताखाली होतात. गेल्या वर्षी रोहन नोकरीच्या मुलाखतीला समोर बसला. मी विचारलं, चालक वळतोय, गाडी सरळ जातेय, का? तो म्हणाला, मागे वजन जास्त आहे, मॅडम. मी म्हटलं, आपल्याकडे याला काय म्हणतात? खाली बघत म्हणाला, उलाळ. मुलाखत घेणाऱ्या बाकीच्यांना काही कळलं नाही.

मी त्याला घेतलं. याडीला वाटतं, माफ केलं. मुळीच नाही, तुमच्या पेपरात हे असंच लिहा. चार चाकांखाली वजनकाटे ठेवून गाडी तोलताना चालकाच्या जागी कुणीतरी पोत्यासारखं बसावं लागतं, हलायचं नाही, बोलायचं नाही. ते काम त्याचं. देव त्याला उदंड आयुष्य देवो. मी आकडे बघत म्हणत राहीन, सरक रे पुढं, गाडी उलाळ हून राह्यली.