कोपऱ्यातले सर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव, प्रमुख पाहुण्या मनोरमाताई, ज्यांना आपण निरोप देतोय ते चित्रकलेचे गुणवंत सर, आणि खुर्च्यांवर बसलेल्या, मागे उभ्या राहिलेल्या सगळ्या सिल्व्हर पार्ककरांनो, सगळ्यांना जयभीम आणि नमस्कार.

मी इंदू, पंचशीलाची आई. शिक्षण चौथी. दोन शब्द बोला म्हणालात, पण दोनात भागणार नाही.

आल्यापासून तुम्ही एकच विचारताय, बॅनरवर सर एवढेसे का? ऑर्डर मी दिली. केबिन रोडच्या बॅनरवाल्या हंसाबेनपण बोलल्या, "इंदुबेन, सर तो एकदम छोटा हो गया!" म्हटलं, "रहने दो, बराबर नाप का है."

मधलं मोठं चित्र पंचशीलाचं, तिसरीतलं. सरांच्या क्लासमध्ये विषय होता, माझे घर. पोरीने आई काढली, बिल्डिंगपेक्षा उंच. बिल्डिंग आईच्या गुडघ्याला. आभाळ पिवळंधमक. सरांनी लाल फुली मारली. तीपण छापून घेतलीय, बघा नीट. शिवाय कागद उंच धरून पोरांना विचारलं, "हिची आई राक्षसीण आहे काय रे?" पोरं हसली. मग जिन्यात, गेटवर, जिथे तिथे तिला तेच नाव. तेव्हापासून माझ्या पोरीने ब्रश धरला नाही. आता नववीत आहे.

सर शिकलेले, चुकलं असेल पोरीचं, म्हटलं. पण गेल्या दिवाळीनंतर याच हॉलमध्ये सरांनी पडद्यावर युरोपातली जुनी चित्रं दाखवली, आठवतं? रोमचं राज्य मोडलं, ख्रिस्ती धर्म पसरला, रोमची कारागिरी, पूर्वेकडचं सोनेरी काम, उत्तरेच्या टोळ्यांची वेलबुट्टी, सगळं मिसळून ती कला झाली म्हणाले. आणि चित्र काय? येशूची आई चर्चपेक्षा उंच! आभाळ सोन्याचं! सर म्हणाले, "ही चूक नाही. जो महत्त्वाचा, तो मोठा. वाचता न येणाऱ्यांना भिंतीवरून गोष्ट कळावी म्हणून हे."

वाचता न येणारे म्हणजे कोण हो सर? मी समोरच बसले होते. येशूची आई मोठी काढली तर कला, आणि माझ्या पोरीने काढली तर राक्षसीण?

तिथेच ठरवलं, सोडायचं नाही. तुम्हीच सांगितलंत, चित्राचे पैसे देणारा शेठ त्या चित्रात कोपऱ्यात, हात जोडून, बोटाएवढा असायचा. म्हणून तुम्हाला तिथे बसवलंय. तुमचा हात जोडलेला फोटो मिळता मिळेना. शेवटी नगरसेवकांच्या सत्कारातला सापडला.

बापूराव, चिठ्ठ्या पाठवू नका, मला वाचायला वेळ लागतो.

सर, शाल माझ्या हातात आहे. माइकवर या. पंचशीला तिथे मान खाली घालून बसलीय. राक्षसीण जेवढ्या जोरात बोललात, तेवढ्याच जोरात तिला सांगा, तुझं चित्र बरोबर होतं. मग शाल, नारळ, टाळ्या, सगळं घ्या.

मंडळाने बोलू दिलं, तुम्ही ऐकलंत, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, तर पोटात घाला. सरांना बोलले त्याची माफी मागणार नाही. मागे जेवण तयार आहे. पुऱ्या गार होतायत, होऊ देत. मी हलत नाही.

या सर.