वजन बरोबर भरलं

माझं माहेर गडहिंग्लजकडचं. घरात म्हशी, थोडा ऊस, आणि बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, थोरल्या बहिणीला अक्का. लग्न होऊन उचगावला आले तवा हिकडची माणसं माझ्या बोलण्याला हसायची, आता माहेरी गेले की भावजया म्हणतात, आली बघा कोल्हापूरवाली. म्हणजे मी दोन्हीकडं पावणीच. ते असू दे, तुम्ही कामाचं विचारलं, ते सांगते.

काम घुंगरू जोडायचं. हुपरीकडनं चांदीचा माल घरपोच येतो, पैंजणाच्या साखळीला कडी घालायची, कडीत घुंगरू अडकवायचा, पकडीनं कडी दाबायची, की पुढचा. पाठ मोडते, डोळं जातात, पण घरात बसून होतंय म्हणून धरलं ते काय सुटलं न्हाय. चांदीत सगळं वजनावर चालतं. माल देताना वजन, नेताना वजन. तुटलेली कडी, चेपलेला घुंगरू, चटईखालचा झाडलेला कचरासुद्धा पुडीत बांधून परत द्यायचा. त्यामुळं कायबी हरवलं की दुसऱ्या बायका शोधायला लागतात, आम्ही आधी काटा काढतो. आमचा काटा म्हणजे हातात मावणारा, सेलवर चालणारा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच आलं.

आता घरातली माणसं सांगते. आमचे मालक रिक्षा चालवतात. माझी सासू हाय, तिला मी आत्ती म्हणते, वय झालंय पण जिभेला काय झालेलं न्हाय. मुलगा अमोल एमआयडीसीत, सून पूजा राजारामपुरीत साड्यांच्या दुकानात. दोघं सकाळी गेली की त्यांची पोरगी स्वरा माझ्याकडं. दीड वर्षाची होती तवाची गोष्ट. चालायला लागली आणि एका जागी बसायची बंदच झाली.

तिच्या पायात मी वाळं घातलंतं, घुंगरू माझ्या हातानं लावलेलं. हौस म्हणून न्हाय हं. कामातनं मान वर करून बघायला मला कुठला वेळ? मी पोर कानानं बघते. छुमछुम स्वयंपाकघरात, छुमछुम दारात, छुमछुम पलंगाखाली. आवाज चालू तोवर पोरगी खेळतीया, आवाज थांबला की पकड खाली ठेवून उठायचं. अमोललाबी मी असाच वाढवला.

पण त्या दिवशी वाळं पायात नव्हतं. पाय भरला, वाळं रुतायला लागलं, मग सकाळी मालकांनी ते खिशात टाकलं, म्हणाले, थोरलं करून आणतो. झालं. मी खाली मान घालून बसलेली, आत्ती दारात पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली, आणि पोरगी खिडकीजवळच्या पलंगावर. घर शांत. मला तर बरं वाटलं, म्हटलं आज पोर गुणी झाली.

एकदम ठसका लागल्याचा आवाज आला. बघते तर तोंड लाल, डोळ्यांत पाणी, लाळ गळतीया. उचलली, पालथी घातली, पाठीत थापट्या मारल्या, ठसका थांबला. श्वास नीट चालला, पण लाळ काय थांबेना, आणि सारखा हात गळ्याकडं.

आत्ती म्हणाली, घुंगरू गिळला असंल. तोंड कशाला पाडतीस? चांदी हाय ती. लहान पोरास्नी चाटण कशानं देतो आपण, चांदीच्या चमच्यानंच की. पोटात गेली तर गुणच येईल. केळं घाल, सकाळी येतंय बाहेर.

तुम्ही हसू नका, मलाबी ते पटलंतं. अमोल एवढाच असताना त्यानं घुंगरू गिळलाता. केळं घातलं, दुसऱ्या दिवशी निघाला, धुतला, उजळला आणि परत मालात घातला. ते पैंजण आज कुणाच्या पायात हाय देव जाणे. तर असला अनुभव घरात असताना कोण घाबरंल? मी काटा काढायला उठले, तोवर आत्तीनं केळं कुस्करून दोन घास भरवलेसुद्धा.

मी सगळा माल गोळा केला. झालेलं पैंजण, राहिलेल्या साखळ्या, सुटं घुंगरू, कड्या, पुडीतला कचरा. म्हटलं जेवढं कमी भरंल तेवढं पोरीच्या पोटात. काट्यावर ठेवलं.

वजन बरोबर भरलं.

परत केलं. परत बरोबर. आत्ती म्हणाली, बघ, काय गेलं न्हाय, उगं आपला ठसका, बस आता कामाला. आणि तवाच स्वरानं केळं बाहेर टाकलं, लाळेसकट, आणि रडली. रडणं नेहमीचं नव्हतं, घोगरं होतं. इतकी वर्षं माल देताना वजन बरोबर भरलं की मी देवाला हात जोडत आले, आणि त्या दिवशी तेच बघून मी काटा उचलून डोळ्यांपुढं धरला. चांदी सगळी हितं हाय, मग पोरीच्या गळ्यात काय हाय?

हातात काटाच होता. आकडं कसं लख्ख दिसत होतं. कालपर्यंत तर त्यातलं आकडं उड्या मारत होतं. मी मालकांना फोन लावला.

काट्याचा सेल तुम्ही बदलला?

व्हय, सकाळी बदलला की.

जुना कुठं हाय?

खिडकीत ठेवलाय. संपलेला हाय तो, त्यात आता काय न्हाय. का गं?

खिडकीत नव्या सेलचा फाडलेला पुठ्ठा तेवढा होता. पलंगाखाली बघितलं, गादी झटकली, चटई उचलली. सेल न्हाय. रुपयासारखा गोल, चांदीसारखा चकचकीत, आणि पलंगावर उभं राहिलं की पोरीच्या हाताला येतोय.

मी म्हटलं, रिक्षा घेऊन या. आत्ता.

आत्ती म्हणाली, संपलेल्या सेलाला काय होतंय, संध्याकाळी अमोल आल्यावर दाखवा. मी शिकलेली न्हाय, पण आमच्या टॉर्चमध्ये एकदा सेल राहून गेलाता, त्यानं आतली स्प्रिंग खाल्ली होती, हिरवी करून. म्हटलं, आत्ती, लोखंड खातंय ते, पोरीचा गळा केवढा? मी फाडलेला पुठ्ठा ओटीत घेतला आणि पोरीला पदरात.

उसाचं दिवस. पुलाजवळ ट्रॉल्या एकामागं एक उभ्या. मालक मान बाहेर काढून ओरडत होते, पावणं, सरका, पोरगी हाय आत, अहो सरका की! आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसलेली. ती झोपायला लागली की मी हलवायची, रडली की बरं वाटायचं. घोटभर पाणीसुद्धा दिलं न्हाय. परत काय घालायचं माझं धाडस नव्हतं.

राजारामपुरीत लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गर्दी. बाहेरची मुलगी म्हणाली, नंबर लावा. मी म्हटलं, नंबर मागनं लावते, आणि दार ढकललं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटोत गळ्याच्या खाली गोल दिसला, पांढरा, बांगडीच्या खड्यासारखा ठळक. फोटो काढणारा माणूस म्हणाला, नाणं दिसतंय. फोटो घेऊन परत आले, पुठ्ठा डॉक्टरांच्या टेबलावर टाकला, म्हटलं, नाणं न्हाय, हे हाय. त्यांनी फोटो उजेडाला धरला. गोलाच्या आत अजून एक गोल होता. नाण्याला तसं नसतं म्हणे. ते खुर्चीतनं उठलेच. फोन कानाला लावून मला विचारलं, खायला काय दिलंय? म्हटलं केळं, दोन घास, त्यातलं टाकलं तिनं. संपलेला असला तरी ओल लागली की जाळतो तो, एवढंच म्हणाले आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बेशुद्ध करून दुर्बिणीनं काढायचा होता, आणि त्याला पोट रिकामं लागतं म्हणे.

पूजा दुकानातनं तशीच पळत आली. खांद्याला साडीच्या टाचण्या लावलेल्या. पोरीला आत नेलंतं. तिनं मला विचारलं, आई, केळं कुणी दिलं? आत्ती घरी एकटी, दारात बसलेली असणार, शेंगा तशाच पडलेल्या. मी म्हटलं, मी दिलं. मालक भिंतीकडं तोंड करून म्हणाले, सेल मी ठेवलाता. पूजा दोघांकडं बघून म्हणाली, वाटून घ्यायचं ते नंतर घ्या. आधी ती बाहेर येऊ दे. आणि जिन्यात जाऊन बसली. मला तिचा राग आला न्हाय. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर यापेक्षा वाईट बोलले असते.

सेल निघाला. डॉक्टरांनी ट्रेमध्ये आणून दाखवला, एक बाजू काळी, जळलेल्या तव्यासारखी. म्हणाले, अन्ननळीला जखम झालीया, वेळेत आणलं, पण आत छिद्र पडतंय का ते काही दिवस गेल्याशिवाय सांगता येणार न्हाय. मला वाटलं होतं काढला की संपलं. ते दिवस म्हणजे... नाकातनं नळी, त्यातनं दूध, ताप येतोय का म्हणून दर थोड्या वेळानं कपाळाला हात. पोरगी तोंड उघडून घास मागायची आणि द्यायचा न्हाय. अमोल आणि पूजा आळीपाळीनं बसायची, मी गेले की पूजा उठून बाहेर जायची. माल देणाऱ्या शेठचा माणूस घरी आला, त्याला मी माल अर्धाच परत दिला. तो वजन करायला लागला, मी म्हटलं, बरोबर हाय, ने.

छिद्र पडलं न्हाय. पहिल्यांदा पाणी दिलं चमच्यानं, सगळी तिच्या गळ्याकडं बघत उभी. गिळलं तिनं. मग पेज, मग मऊ भात. जखम भरताना अन्ननळी आकसली, म्हणून अधनंमधनं दुर्बिणीनं रुंद करून आणावी लागते. भाकरी दुधात पार भिजवून देते. शेजारची पोरं रविवारी मटणाची हाडं चोखत बसतात, हिला नुसता रस्सा. चालतंय. डॉक्टर म्हणतात, सुटंल हळूहळू. आत्ती अजून म्हणते, चांदी असती तर काय झालं नसतं. ते खरंबी हाय, म्हणून मी वाद घालत न्हाय. जुना सेल आता चिकटपट्टीत गुंडाळायचा आणि थेट घराबाहेर, असा नेम केलाय. मालकांना सांगायला लागत न्हाय.

पूजा कामावर गेली न्हाय बरेच दिवस. माझ्याजवळ पोर ठेवायची न्हाय म्हणून, दुसरं काय. मीबी विचारलं न्हाय. मग एक दिवस सकाळी डबा भरला, पर्स काढली. मालकांनी थोरलं करून आणलेलं वाळं त्या दिवसापासनं फळीवरच पडलंतं, ते तिनं काढलं, खाली बसून पोरीच्या पायात स्वतः घातलं, कडी दाबून बघितली, आणि मला म्हणाली, येते आई. मीबी म्हटलं, ये.

आता दोन वर्षांची झालीया. तुमच्याशी बोलतीया खरी, पण कान तिकडंच हाय माझा, मघापासनं ती स्वयंपाकघरात हाय, भांडी काढतीया. सगळ्यांची लेकरं सुखात राहू द्यात, तुमचीबी. चहा घ्या, गार होतोय.

थांबा जरा. आवाज थांबला.