मागच्या खोलीचं छत

—नाही नाही, तो पांढरा पोशाख दारात नका हो चढवू, आधी आत या. समोरच्या बाई खिडकीतच असतात. तुम्हाला असं नखशिखांत गुंडाळलेलं पाहिलं की संध्याकाळपर्यंत आमच्याकडे साथ आल्याची बातमी अख्ख्या इमारतीत. या. हीच ती मागची खोली. दार बंद, पंखा बंद, फोनवर सांगितलंत तस्सं. छताला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. अजिबात नाही.

आमची सूनबाई हो, तिनेच तुम्हाला बोलावलंय. सातवा महिना चालू आहे तिला. पुढच्या महिन्यात दोघं इथेच राहायला येतायत, बाळासाठी ही खोली. तर म्हणाली, आई, हे छताखाली ठोकलेले सिमेंटचे पत्रे जुने आहेत, काढायच्या आधी तपासून घेऊ, ॲस्बेस्टॉस असलं तर फोडल्यावर त्याचे बारीक तंतू उडतात आणि श्वासातून थेट फुप्फुसात. गोड बोलली हो. पण आमचे हे—ते छत ह्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलंय ना, मग काय, नाकाला मिरच्या झोंबल्या. “तीस वर्षं त्याच्याखाली झोपलो, मला काय झालं?” मी म्हटलं, घोरता. तर दोन दिवस अबोला.

काय म्हणालात? भोक? हो, एक आहे. बारीकसं, कोपऱ्यात... आता तुम्ही आत जाणारच, तर सांगते. भोक नाही ते. दोन पत्रे नाहीतच तिथे.

असं बघू नका हो माझ्याकडे! मी बँकेत गेले होते मंगळवारी. परत येते तर हे स्टुलावर, हातात हातोडा, डोक्यापासून मिशीपर्यंत पांढरेफटक. मला वाटलं, बाई, एका सकाळीत एवढं वय झालं ह्यांचं? तर हसतायत! म्हणे, “बघ, साधं सिमेंट आहे.” आणि तो तुटलेला तुकडा उजेडात धरला, तर कडेला सुतासारखं काहीतरी लोंबतंय. मी विचारलं, सिमेंटला सूत कुठून आलं? तेव्हा कुठे स्टुलावरून उतरले. तेव्हापासून पाच वेळा आंघोळ झालीय. आत्ताही बाथरूममध्येच आहेत. पाण्याचा आवाज येतोय ना, ते तुमची बेल ऐकून सुरू झालंय.

मग मी झाडलं. कशाने म्हणजे? झाडूने. कोरड्याच. ओला केला असता तर सगळा चिखल झाला असता ना... अच्छा, चिखलच बरा असतो? आधी पाणी फवारायचं, मग ओल्या फडक्याने टिपायचं, आणि फडकंसुद्धा टाकून द्यायचं? बघा, हे कुणी सांगितलंच नाही. म्हणजे सूनबाईने सांगितलं होतं, पण पत्रे फुटायच्या आधी, तेव्हा कोण ऐकतंय. नाही, व्हॅक्यूम नाही लावला. लावला, पण पाचच मिनिटं. मागून सगळं परत हवेत सोडतो तो? अरे देवा! म्हणूनच सारखं वाटत होतं, एवढं झाडूनही धूळ संपत कशी नाही!

तुकडे गॅलरीत आहेत. उशांच्या अभ्र्यांत. फुलाफुलांचे आहेत ते, चुकून आत आणू नका. तुम्हीच भरणार जाड प्लॅस्टिकमध्ये? दोन पदरी? भरा हो, माझी काही तक्रार नाही, अभ्रे पण गेले तरी चालतील.

त्या दिवशी खोलीत आणखी कोण? कोण असणार—मी आणि हे. दोघंच.

…

सूनबाई आली होती. दुपारी. पडद्यांचं माप घ्यायला. हे दारात आडवे उभे राहिले, फरशी ओली आहे म्हणाले, पण ती ह्यांच्या हाताखालून गेली की आत, पोट सांभाळत. दहा मिनिटं होती. ह्यांनी नेमक्या त्याच कोपऱ्यापुढे कपाट सरकवलेलं, वरती बघितलंच नाही तिने. खांद्याला पांढरं लागलं तिच्या. हे काय हो, आई? मी म्हटलं, टाल्कम पावडर सांडली गं. आणि झटकलं. ह्या हाताने झटकलं मी. हसली ती. तिने विश्वास ठेवला हो. ह्यांच्या शब्दावर ती कधी ठेवत नाही, माझ्यावर ठेवते. चार रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही माझ्या. आणि हे म्हणतात, आता कशाला सांगतेस, उगाच घाबरेल.

एवढ्याशाने बहुधा काही होत नाही? वर्षानुवर्षं ज्यांच्या श्वासात जातं, त्यांना खरा धोका? देव तुमचं भलं करो. पण डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. हो ना. म्हणजे तिला सांगायलाच हवं. तुम्ही सांगता का? तुम्ही शिकलेले, शिवाय तोंडावर मास्क—नाही. बरोबर आहे. माझं मलाच सांगायला हवं.

द्या तो फोन इकडे. तुमच्या मागे, टेबलावर. थांबा, चष्मा... वाजतोय.

हॅलो? हो गं, मीच. आलेत ते. नाही, त्यांनी अजून काही केलं नाही, जे केलंय ते आम्हीच केलंय. तू बसलीयेस ना? आधी बस. पाणी घे. ऐक, मी तुझ्याशी खोटं बोलले—

तुम्ही काय ऐकत उभे राहिलात? जा हो आत, तुमचं काम करा. आणि दार ओढून घ्या.